फाइल नेमकी कुणाच्या नावावर? ऑफिसच्या क्लाउड स्टोरेजची पार्श्वभूमी

ऑफिससाठी क्लाउड घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न किती जीबी आणि दुसरा महिन्याला किती पडतील, मग ड्रॉपबॉक्स, गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, बॉक्स, झोहो वर्कड्राइव्ह असा तक्ता होतो आणि त्यातला परवडेल तो प्लॅन घेतला जातो. मला त्या तक्त्यात दरवेळी एक रकाना कमी वाटतो, फाइलचा मालक कोण हा. जमीन कसतो एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं अशी गत असली की भांडण आज ना उद्या होणारच, फाइलींचंही तसंच आहे. आणि प्रत्येक सर्व्हिसमध्ये हा सातबारा वेगळा का निघतो, हे ती कुठून आली त्यावरनं कळतं.

क्लाउडच्या आधीचं फार सांगायला नको. आतल्या खोलीत एक सर्व्हर, सगळ्यांच्या पीसीवर त्याच सर्व्हरवरचा सामायिक झेड ड्राइव्ह, आणि एकाने ड्रॉइंग उघडलं की दुसऱ्याला ‘फाइल वापरात आहे’ असा मेसेज. माणूस नोकरी सोडून गेला तरी झेड ड्राइव्ह जागेवरच असायचा, त्यामुळे मालकी कुणाची असा प्रश्न कुणाच्या डोक्यातसुद्धा यायचा नाही.

२००५ मध्ये बॉक्स आलं आणि ते लवकरच कंपन्यांकडे वळलं, म्हणून त्यात परवानगी वरच्या फोल्डरवरून खाली झिरपते, वर ज्याला प्रवेश त्याला आतलं सगळं दिसतं, साधारण जुन्या कपाटासारखं. ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, २ जीबी फुकट, आणि त्याची कल्पना अगदी सोपी होती, एक फोल्डर, तो सगळ्या मशीनवर सारखा. ते बनलं एकट्या माणसासाठी, पण ऑफिसात ते मालकाच्या नकळत शिरलं, कारण मेलला मोठी फाइल जोडली की ती परत यायची आणि पोरांना काम तर पुढे न्यायचं असायचं. टीमसाठीचा वेगळा प्लॅन २०११ मध्ये आला, आणि खासगी नि ऑफिसचं अशी दोन खाती एकाच मशीनवर शेजारी शेजारी चालवायची सोय २०१४ मध्ये. मधल्या काळात कंपनीची कामं लोकांच्या खासगी खात्यांत जमा होत गेली. झेड ड्राइव्हवरचं ते लॉकही इथे नव्हतं, दोघांनी एकदम बदल केला की ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं नाव लागून दुसरी फाइल तयार व्हायची आणि खरी कुठली ते दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचं.

वनड्राइव्हचा घोळ नावातच आहे. मायक्रोसॉफ्टचं हे आधी स्कायड्राइव्ह होतं, २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या कोर्टात एका ब्रॉडकास्टरच्या नावाशी साम्य असल्याचा निकाल विरोधात गेला आणि २०१४ मध्ये नाव बदललं. पण खरी पंचाईत ही की ‘वनड्राइव्ह’ आणि ‘वनड्राइव्ह फॉर बिझनेस’ ह्या आतून दोन वेगळ्या गोष्टी होत्या, दुसरी शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच टीमच्या साइट बनवायच्या सर्व्हिसवर, उभी होती आणि तिचा सिंक करणारा, म्हणजे सगळ्या मशीनवर फाइली सारख्या ठेवणारा, प्रोग्रामही सुरुवातीला निराळा होता, त्यामुळे घरी नीट चालतं ते ऑफिसात का अडकतं हे लोकांना कळायचंच नाही. शेअरपॉइंट मात्र पहिल्यापासून ऑफिससाठीच, साइट टीमची आणि त्यातली फाइलही टीमची. आजही माझं मत तेच आहे, वनड्राइव्ह माणसाचं आणि शेअरपॉइंट ऑफिसचं, आणि ज्यांनी सगळं वनड्राइव्हमध्येच ठेवलंय त्यांनी ते वेळीच हलवावं.

आता गुगल ड्राइव्ह, कारण आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत सगळ्यात जास्त गुंता मी इथेच बघितलाय. एप्रिल २०१२ मध्ये ते ५ जीबी घेऊन आलं, पुढच्या वर्षी मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी झाले. ‘माय ड्राइव्ह’मधली फाइल ज्याने बनवली त्याच्या मेल आयडीच्या नावावर असते, फोल्डर कुणाचाही असो. म्हणजे साहेबांनी ‘टेंडर’ नावाचा फोल्डर बनवून शेअर केला आणि त्यात चौघांनी फाइली टाकल्या, तर फोल्डर साहेबांचा आणि फाइली चौघांच्या. साहेबांना वाटतं सगळं आपल्याकडे आहे, कारण सगळं दिसतंय. ‘शेअर’ ह्या एका शब्दाने हा सगळा गोंधळ केलाय असं मला वाटतं, आपण शेअर म्हणजे वाटणी समजतो, वाटणीत हिस्सा आपल्या नावावर होतो, आणि इथे शेअर म्हणजे फक्त बघायची नाहीतर हात लावायची मुभा.

ह्यावरचं उत्तर २०१७ मध्ये ‘टीम ड्राइव्ह’ म्हणून आलं, २०१९ मध्ये त्याचं नाव ‘शेअर्ड ड्राइव्ह’ झालं, आणि त्यात टाकलेली फाइल संस्थेची होते, माणूस गेला तरी राहते. उत्तर चांगलंच होतं, पण जे ऑफिस सगळ्यात छोटं, ज्याच्याकडे आयटीचा माणूस नाही, त्याच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये ते कित्येक वर्षं दिलंच नाही. हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. कोण काय डिलीट करतंय ह्याची नोंद ठेवणं वगैरे गोष्टी महागड्या प्लॅनमध्ये असाव्यात, समजू शकतो, पण कंपनीची फाइल कंपनीच्या नावावर असणं ही चैनीची गोष्ट नाही हो.

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांकडचं सांगतो, सर्व्हिसचं नाव सोडून देतो. त्यांचा ड्राफ्ट्समन गावी परत गेला, भांडण नाही काही नाही, पेढे देऊन गेला. अकाउंट्सच्या ताईंनी महिन्याचे पैसे वाचवायला त्याचं खातं बंद केलं, त्यांची काही चूक नाही, बिल बघणं हेच त्यांचं काम. दीड महिन्याने जुन्या कन्व्हेयरची रिपीट ऑर्डर आली, ‘रेव्ह ३ फायनल’ची लिंक उघडली तर फाइल अस्तित्वात नाही. परत मिळवायची मुदत उलटून गेली होती. कस्टमरला मेल केलेली पीडीएफ तेवढी सापडली, आणि नव्या मुलाने तीवरून मापं वाचत चार दिवस बसून ड्रॉइंग परत काढलं. डीडब्ल्यूजी, म्हणजे ड्रॉइंगची बदल करता येणारी मूळ फाइल, गेली ती गेलीच.

लॉकडाउनमध्ये ह्यात भर पडली. मार्च २०२० मध्ये घाईघाईने सगळे घरून कामाला लागले आणि ज्यांच्याकडे कंपनीचं डोमेन, म्हणजे कंपनीच्या नावाचे मेल आयडी, नव्हते त्यांनी आपापल्या जीमेलवरच फाइली बनवल्या. नंतर डोमेन घेतल्यावर लोकांना वाटलं मालकी बदलून घेऊ, पण खासगी जीमेलवरच्या फाइलची मालकी कंपनीच्या खात्याला सरळ देता येत नाही, बहुतेक वेळा कॉपी करावी लागते, मग जुने बदल दाखवणारी हिस्ट्री मागेच राहते आणि आधी पाठवलेल्या लिंक जुन्याच फाइलकडे जात राहतात. अशी दोन-दोन जुळी कोटेशनं फिरताना मी डोळ्यांनी बघितलीयत.

डेटा कुठल्या देशात आहे हेही आता लोक विचारतात. एका मोठ्या क्लाउड कंपनीची डेटा सेंटरं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत सुरू झाली, दुसरीचं मुंबईत २०१६ मध्ये. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांत हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठराविक काळाने हवा असं होतं, २०२२ मध्ये ते रोजच्या रोज असं झालं. इथे सिंक म्हणजे बॅकअप नाही हे सीएला सांगावं लागत नाही, बाकीच्यांना लागतं, कारण सिंक केलेल्या फोल्डरात एका ठिकाणी खोडलं की सगळीकडून खोडलं जातं आणि मग ट्रॅशची मुदत तेवढी हातात उरते.

राहिला ‘अनलिमिटेड’चा काळ. २०१४ मध्ये गुगल ड्राइव्हच्या ऑफिस प्लॅनमध्ये माणशी १० डॉलरला, पाच किंवा जास्त माणसं असतील तर, हवी तेवढी जागा मिळायला लागली. वनड्राइव्हनेही त्याच वर्षी घरगुती ग्राहकांना तसंच जाहीर केलं आणि २०१५ मध्ये मागे घेतलं, काहींनी ७५ टीबीच्या (एक टीबी म्हणजे साधारण हजार जीबी) वर भरलं असं कारण देऊन. गुगलच्या २०२० च्या नव्या बिझनेस प्लॅनांत मर्यादा आल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ड्रॉपबॉक्सनेही अमर्याद जागा थांबवली, क्रिप्टो मायनिंगवाले आणि जागा परत विकणारे ह्यांच्याकडे बोट दाखवत. जागा अमर्याद होती तोवर सोडून गेलेल्या माणसांचं सामान कुणी मोजत नव्हतं, मर्यादा आल्यावर माझ्या ओळखीच्या ऑफिसांनी पहिली कात्री तिथेच लावली, आणि भोसरीसारखे किस्से त्यानंतर जास्त कानावर यायला लागले. जानेवारी २०२५ पासून वनड्राइव्हच्या ऑफिसवाल्या खात्यात लायसन्स काढून ९३ दिवस झाले की त्या माणसाच्या फाइली अर्काइव्हमध्ये जातात, आणि परत उघडायच्या असतील तर ऑफिसला जीबीच्या हिशोबाने पैसे मोजावे लागतात.