डोळ्यांना मंद, प्रवाळाला भगभगीत

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी हौसेने साठ लिटरची समुद्री टाकी मांडली. खारं पाणी, सच्छिद्र दगड, क्लाउनफिशची एक जोडी आणि एक हॅमर कोरल. या प्रवाळाची हिरवट लवचीक बोटं पाण्यात सतत डुलत असतात आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला हातोडीसारखी आडवी गाठ असते. वरचा एलईडी दिवा निळसर होता. सोफ्यावरून टाकी काळोखी दिसते म्हणून भावाने पहिल्याच दिवशी दिवा शंभर टक्क्यांवर नेला. चौथ्या दिवशी बोटं आखडून सांगाड्यात गेली, आठवड्याभरात वरची बाजू पांढरी पडली. पाण्याच्या चाचण्यांमध्ये काहीच वावगं नव्हतं. उजेड जास्त झाला होता.

नवख्याकडून ही चूक हमखास होते, कारण उजेड आपण डोळ्यांनी जोखतो. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो; निळा उजेड भरपूर असला तरी तो आपल्याला मंदच भासतो. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅपही इथे फसवतं, कारण लक्स हे एककच आपल्या डोळ्यांच्या मापाने बेतलेलं आहे.

प्रवाळाच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात. ती प्रकाशसंश्लेषण करून साखर बनवतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. अनेक प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा यातूनच येते. समुद्रात लाल उजेड पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा खोलवर पोचतो. म्हणून या शैवालांची रंगद्रव्यं निळ्या उजेडावर पोसलेली असतात. आपल्याला अंधुक वाटणारा दिवा त्यांच्यासाठी भर दुपार असू शकतो.

आणि अती उजेडाचं त्यांना फारसं काही करता येत नाही. एका मर्यादेपुढे प्रकाशसंश्लेषण वाढायचं थांबतं, पण ऊर्जा येतच राहते. तिच्यातून ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार होतात आणि पेशींना इजा करतात. मग शैवालं यजमानाच्या ऊतीतून बाहेर पडतात. राहते ती पारदर्शक कातडी आणि तिच्यातून दिसणारा चुन्याचा पांढरा सांगाडा. यालाच ब्लीचिंग म्हणतात. त्या वेळी प्रवाळ मेलेलं नसतं, पण उपाशी असतं.

मग मोजायचं कसं? ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, म्हणजे शैवालाला वापरता येणारा उजेड मोजणारं ‘पार’ मीटर मिळतं. त्याचं एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, म्हणजे दर सेकंदाला तेवढ्या जागेवर किती प्रकाशकण पडतात त्याचं माप. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीत मात्र मऊ प्रवाळांना ५० ते १०० पुरतात, हॅमरसारख्यांना ८० ते १५०, आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांना २०० ते ३५०. भावाने मीटर भाड्याने आणलं. संवेदक हॅमरच्या शेजारी धरला, तेव्हा ३४० आकडा आला. खाली वाळूवर ९०.

हा फरक लहान टाकीचं वैशिष्ट्य आहे. दिवा पाण्यापासून १५ सेंटिमीटर वर असेल, तर पाण्याखाली १० सेंटिमीटरवरच्या दगडाला आणि २५ सेंटिमीटरवरच्या वाळूला मिळणाऱ्या उजेडात ढोबळमानाने अडीच पट तफावत पडते. मोठ्या टाकीत चार बोटं इकडेतिकडे झाल्याने फारसं बिघडत नाही, इथे बिघडतं. म्हणून दिव्याची टक्केवारी बदलण्याआधी मी प्रवाळाची जागा बदलून पाहीन.

तासही मोजायचे असतात. १५० चा उजेड आठ तास दिला, तर दिवसभरात चौरस मीटरमागे सुमारे ४.३ मोल प्रकाशकण पोचतात. बारा तास दिला, तर जवळजवळ साडेसहा.

नवं प्रवाळ आणलं की अपेक्षित उजेडाच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवावा. शैवालं आपली संख्या आणि रंगद्रव्यं बदलून जुळवून घेतात, पण त्याला काही आठवडे लागतात. उजेड कमी पडला तर प्रवाळ तपकिरी होतं, लांबुडकं होऊन दिव्याकडे ताणतं. एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: पाण्याचा पिवळेपणा घालवायला सक्रिय कोळसा टाकला, की दिव्याला हात न लावताही उजेड वाढतो.

निसर्गात प्रत्येक प्रवाळाने आपापला उजेड शोधलेला असतो. मालवणला सिंधुदुर्गाभोवतीच्या गढूळ पाण्यात ती काही मीटरांवर तग धरतात. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे; तिथे, नितळ पाण्यात, वीस मीटरांच्याही खाली वाढतात. ती तिथेच बघायची. सर्व कठीण प्रवाळांना भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. समुद्रातून ती काढणं किंवा विकणं हा गुन्हा आहे.

भावाने हॅमर खाली वाळूशी आणलं, दिवा निम्म्यावर नेला आणि तीन महिन्यांत हळूहळू पुन्हा वाढवला. पांढऱ्या बाजूवर आधी फिकट तपकिरी छटा आली, मग हिरवी. परवा त्याने फोटो पाठवला: सांगाड्याच्या टोकाला एका तोंडाची दोन तोंडं होत होती, म्हणजे प्रवाळ पुन्हा वाढू लागलं होतं.