महिलांच्या महाविद्यालयीन रोइंग स्पर्धेमागचा कायदा आणि फुटबॉलचे गणित

अमेरिकेत महाविद्यालयांमधील पहिली क्रीडा लढत रोइंगचीच होती. 1852 साली हार्वर्ड आणि येल यांच्यात झालेल्या त्या शर्यतीत अर्थातच पुरुषच होते. मुलींच्या हाती वल्ही आली ती 1870च्या दशकात, वेलस्ली महाविद्यालयाच्या तळ्यावर. मात्र तेथे वेगापेक्षा वल्हवण्यातला डौल पाहिला जाई आणि शर्यत हे मुलींना न शोभणारे धाडस समजले जाई. हा समज पुढे बराच काळ टिकला.

1972 साली टायटल नाइन या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई झाली. मात्र कायदा झाला म्हणून नदीकाठच्या बोटहाऊसमधली परिस्थिती लगेच पालटली नाही. येलच्या बोटहाऊसमध्ये मुलींसाठी अंघोळीची सोयच नव्हती, त्यामुळे हिवाळ्यातल्या सरावानंतर पुरुष खेळाडूंच्या अंघोळी उरकेपर्यंत त्या ओल्या कपड्यांनी बसमध्ये कुडकुडत बसत. अखेर 3 मार्च 1976 रोजी कर्णधार ख्रिस अर्न्स्ट हिच्यासह 19 मुली महिला क्रीडाविभागाच्या संचालिकेच्या कार्यालयात गेल्या, त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले आणि पाठीवर व छातीवर शाईने लिहिलेले कायद्याचे नाव दाखवत, येल ज्यांचे शोषण करत आहे ती शरीरे हीच, अशा आशयाचे निवेदन वाचून दाखवले. न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आल्यावर विद्यापीठाला हालचाल करावी लागली. त्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या रोइंगचा प्रथमच समावेश झाला आणि येलचीच अ‍ॅन वॉर्नर अमेरिकेच्या कांस्यपदक विजेत्या आठजणींच्या नावेत होती. तेव्हा महिलांची शर्यत 1000 मीटरची, म्हणजे पुरुषांच्या निम्मी असे. ऑलिम्पिकमध्ये हे अंतर 1988 साली समान झाले.

महाविद्यालयीन महिलांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा 1980पासून होऊ लागली आणि त्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठाने तिच्यावर वर्चस्व गाजवले. तरीही महाविद्यालयीन खेळांची मोठी नियामक संस्था, एनसीएए, तिच्यापासून दूरच होती. ती पुढे आली ती रोइंगच्या प्रेमापोटी नव्हे, असे म्हटल्यास फारसे चूक ठरणार नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघात शंभराहून अधिक मुले आणि 85 शिष्यवृत्त्या असत. टायटल नाइनमुळे मुलींनाही तशीच संधी देणे भाग होते, म्हणून त्या आकड्याला तोल देण्यासाठी मोठ्या संख्येने मुली सामावून घेणारा खेळ हवा होता. रोइंग या गरजेत नेमके बसले. शिवाय वल्हे कधी हाती न धरलेल्या, पण उंच आणि चिवट मुलींनाही प्रशिक्षक आवारातून हेरून संघात आणू शकत.

एनसीएएची पहिली महिला स्पर्धा 1997 साली कॅलिफोर्नियातील नाटोमा तलावावर झाली आणि वॉशिंग्टनने ती जिंकली. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा 1895पासूनची असूनही एनसीएएच्या छत्राखाली आलेली नाही. महिलांचे विजेतेपद आठजणींच्या दोन नावा आणि चौघींची एक नाव यांच्या एकत्रित गुणांवर ठरते, त्यामुळे एकच उत्तम नाव पुरत नाही. तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणे प्रथम 2017 साली वॉशिंग्टनला जमले. सुरुवातीला ब्राउनसारख्या जुन्या रोइंग परंपरेच्या संस्था पुढे होत्या, पण 2013 ते 2015 अशी सलग तीन विजेतेपदे ओहायो स्टेटने आणि 2021, 2022 व 2024ची टेक्सासने मिळवली, आणि ही दोन्ही विद्यापीठे मुळात फुटबॉलसाठीच ओळखली जातात.