नेत्रशल्यक्रियेतील कॅन्युला आणि हाती धरायची उपकरणे

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत द्रव, हवा, जेल, रंगद्रव्य किंवा औषध नेमक्या जागी सोडण्यासाठी, अथवा तेथून ओढून घेण्यासाठी, बोथट टोकाच्या ज्या बारीक नळ्या वापरतात त्यांना कॅन्युला म्हणतात. चिमटे, कात्र्या, हुक, सुईधारक आणि पाती ही त्यांच्या जोडीची हाती धरायची उपकरणे. सुई आणि कॅन्युला दुरून सारख्याच दिसतात. फरक टोकाशी असतो. सुईचे टोक तिरके कापून धारदार केलेले असते आणि ती ऊतीतून स्वतःची वाट पाडते. कॅन्युलाचे टोक घासून गुळगुळीत केलेले असते आणि पात्याने आधी केलेल्या छेदातूनच ती आत शिरते.

या उपकरणांचे आकार विचित्र वाटतात, पण त्यांतला एकही बाक हौसेचा नाही. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिमी असतो. समोरचे पारपटल मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडेसेच जाड. त्याच्या मागच्या कप्प्याची खोली ३ मिमीच्या आसपास, आणि त्यात मावणारा द्रव जेमतेम पाव मिलिलिटर. भिंगाभोवतीची पिशवी, म्हणजे भिंगकोश, मागच्या बाजूला मध्यावर सुमारे ४ मायक्रॉन जाडीची असते. पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो. माणसात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. ३ मिमीच्या पोकळीत वर या पेशी, खाली ही पिशवी, आणि दोहोंना धक्का न लावता काम करायचे. प्रत्येक उपकरणाचा आकार या अडचणीतून घडला आहे.

पूर्वपीठिका. सुश्रुतसंहितेत लिंगनाशावरील, म्हणजे मोतीबिंदूवरील, शस्त्रकर्माच्या शलाकेचे वर्णन आहे: लांबी आठ अंगुळे, टोके कळीच्या आकाराची, मधल्या भागाला सुताचे वेढे, आणि धातू तांबे, लोखंड किंवा सोने. सुताचे ते वेढे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ओलसर बोटांतून उपकरण निसटू नये, हा प्रश्न तेव्हाही होता; आजच्या मुठींवरच्या बारीक खाचा त्याच प्रश्नासाठी आहेत. डोळ्यासाठी खास घडवलेल्या नळीचा जुना दाखला अश्रुमार्गाचा आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक दोमिनीक आनेल यांनी १७१३ मध्ये बारीक तोंडाची पिचकारी आणि सळई वापरून तुंबलेला अश्रुमार्ग मोकळा करण्याची रीत मांडली. झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये मोतीबिंदू मागे ढकलण्याऐवजी छेद घेऊन बाहेर काढला. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये कृत्रिम भिंग बसवले, आणि चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत, म्हणजे फेको, आणली. छेद जसजसा लहान होत गेला तसतसे बोटांचे काम नळ्यांकडे आणि हुकांकडे गेले.

गेज आणि प्रवाह. कॅन्युलाची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि ही मोजणी उलटी चालते: आकडा जितका मोठा, नळी तितकी बारीक. २० गेज म्हणजे बाहेरून सुमारे ०.९ मिमी, २३ गेज ०.६४, २५ गेज ०.५, २७ गेज ०.४ आणि ३० गेज ०.३ मिमी. शिकाऊ डॉक्टरांना यातला फरक किरकोळ वाटतो. प्रवाहाच्या दृष्टीने तो प्रचंड असतो. नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. दाब आणि लांबी तीच ठेवून आतला व्यास निम्मा केला, की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून क्षारद्रावण ३० गेजमधून सहज जाते, पण घट्ट व्हिस्को, म्हणजे शस्त्रक्रियेत डोळ्यातली पोकळी फुगलेली ठेवणारे जेल, ढकलायला रुंद नळी लागते, आणि दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत सिलिकॉन तेल भरायचे तर आखूड, रुंद कॅन्युला आणि यंत्राचा दाब दोन्ही लागतात. बारीक नळीतून अंगठ्याच्या जोरावर घट्ट द्रव दाबत राहणे धोक्याचे असते. तो अडतो, अडतो आणि मग एकदम सुटतो.

याच जोराने घडणारा एक अपघात नेत्रशल्यकांना चांगला ठाऊक आहे. नळी सिरिंजवर नुसती दाबून बसवलेली असेल, तर दाब वाढताच ती सुटून बाणासारखी डोळ्यात घुसू शकते आणि भिंगकोश, परितारिका किंवा दृष्टिपटल फाडू शकते. त्यामुळे फिरवून अडकवायची लुअर-लॉक सिरिंज वापरणे, जोड स्वतः आवळून पाहणे आणि डोळ्यात शिरण्यापूर्वी बाहेर थोडा द्रव सोडून बघणे या तीन गोष्टी पाळल्या जातात. त्यांना मिळून काही सेकंद लागतात. त्या कधीही वगळू नयेत.

मोतीबिंदूच्या कॅन्युला. भिंगकोशाला पुढून गोल खिडकी पाडली, की तिच्या कडेखाली टोक सरकवून द्रावणाची हलकी लाट सोडतात. कोश आणि भिंग यांची चिकटण सुटून भिंग आत मोकळे फिरू लागते. या कामाला हायड्रोडिसेक्शन म्हणतात. त्याची कॅन्युला बहुधा २५ ते २७ गेजची असते आणि काहींचे टोक चपटे केलेले असते, म्हणजे लाट पंख्यासारखी पसरते आणि कडही उचलली जात नाही. छेदाच्या अगदी खालचा भाग सरळ नळीच्या आवाक्याबाहेर राहतो, कारण तेथे पोहोचायला नळीला आल्या वाटेनेच मागे वळावे लागते. त्यासाठी इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली कॅन्युला असते.

सिमको कॅन्युला हे या कुळातले सर्वांत सुबक उपकरण म्हणावे लागेल. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या: एकीतून द्रावण आत येते, दुसरीतून भिंगाचा उरलेला मऊ भाग, कॉर्टेक्स, बाहेर ओढला जातो. शोषणारे छिद्र ०.३ मिमीच्या आसपास असते आणि ते टोकाला नसून बाजूला असते. काम करताना ते वर ठेवतात, म्हणजे पाठीमागची पातळ पिशवी त्यात ओढली जात नाही. किती ओढायचे हे सिरिंजवरच्या बोटाला कळते. यंत्राने शोषण करण्याची सोय असलेल्या ठिकाणीही अनेक शल्यक शेवटचे धागे सिमकोनेच काढतात, ते या हाताला लागणाऱ्या अंदाजापायी. टाक्याविना छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेत भिंगाचा गाभा अखंड काढायचा असतो. तेथे पसरट चमच्यासारखा, आतून पोकळ आणि टोकाला छिद्रे असलेला इरिगेटिंग व्हेक्टिस लागतो. तो गाभ्याला खालून आधार देतो आणि त्याच्यातून सुटणारे पाणी गाभ्याला बाहेर लोटते.

हवेचा बुडबुडा सोडण्यासाठी आणि छेदाच्या कडा पाण्याने फुगवून बंद करण्यासाठी रायक्रॉफ्ट कॅन्युला वापरतात. पारपटल प्रत्यारोपणात त्याचे थर हवेने विलग करायच्या कॅन्युलाचे छिद्र मुद्दाम तळाकडे असते, कारण हवा खालच्या थरात शिरायला हवी असते, वर नव्हे. अश्रुमार्ग धुण्याची कॅन्युला बोथट आणि किंचित वाकडी असते. भूल देण्यासाठीची टेनॉन कॅन्युला साधारण १९ गेजची, २५ मिमी लांब आणि नेत्रगोलाच्या गोलाईशी जुळेल अशी वळलेली असते. तिच्यामुळे डोळ्यामागे धारदार सुई न घालता भूल देता येते.

चिमटे, हुक, कात्र्या. या उपकरणांना बोटे अडकवायची कडी नसते. ती पेन्सिलीसारखी तीन बोटांत धरतात, दाबली की मिटतात आणि सोडली की स्प्रिंगने आपोआप उघडतात. त्यामुळे मनगट न हलवता फक्त बोटांच्या पेरांनी काम होते. सूक्ष्मदर्शकाखाली मनगटाची हालचाल फार मोठी ठरते.

चिमट्यांत दात असलेले आणि दात नसलेले हा भेद मूलभूत आहे. कास्त्रोव्हिएहो चिमट्याचा दात ०.१२ मिमीचा असतो. पारपटलाची किंवा श्वेतपटलाची कड तो घट्ट धरतो. भिंगकोशाला, कृत्रिम भिंगाला किंवा टाक्याच्या धाग्याला मात्र तो लावायचा नाही. पारपटलाला घालायचा १०-० नायलॉन धागा २० ते ३० मायक्रॉनचा असतो. दाताच्या चिमटीत तो तुटतो. गाठ मारायच्या चिमट्याला म्हणून सपाट चौथरा असतो. उत्राता चिमटा भिंगकोशाचा पापुद्रा गोल फाडत नेतो. त्याची टोके खाली वळलेली असतात. हेच काम सिस्टोटोमनेही होते, आणि तो तर शल्यक स्वतःच २६ गेजच्या साध्या सुईचे टोक वाकवून बनवतो.

सिन्स्की हुकाची गोष्ट वेगळी आहे. जुन्या कृत्रिम भिंगांच्या कडेला बारीक छिद्रे असत, त्यांत टोक अडकवून भिंग फिरवण्यासाठी तो घडवला गेला. पुढे भिंगांतली छिद्रे गेली, हुक मात्र राहिला. आज तो भिंग फिरवतो, गाभ्याचे तुकडे सरकवतो आणि बाहुलीची कडही बाजूला करतो. फेकोत डाव्या हातात धरायचा, गाभ्याचे तुकडे करणारा चॉपर त्याचाच भाऊबंद. व्हॅनास कात्री परितारिका आणि भिंगकोश कापते, वेस्टकॉट कात्री नेत्रश्लेष्मला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा. बाराकेर यांचा तारेचा स्पेक्युलम पापण्या दूर ठेवतो, पण नेत्रगोलावर भार टाकत नाही.

डोळ्याच्या मागच्या भागात. येथे कॅन्युला शब्दाला आणखी एक अर्थ येतो: भिंतीत बसवलेले दार. रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास श्वेतपटलातून काचद्रव, म्हणजे भिंगामागची पोकळी भरणारा जेलसारखा पदार्थ, काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली तेव्हा उपकरण १७ गेजचे होते. १९७४ मध्ये २० गेजची तीन छेदांची रीत आली, २००२ मध्ये २५ गेज, २००५ मध्ये २३ आणि २०१० मध्ये २७. बारीक गेजच्या पद्धतीत ट्रोकारने, म्हणजे धारदार टोकाच्या सळईने, छोटी नळी भिंतीत रोवतात आणि सारी उपकरणे तिच्यातून ये-जा करतात. जागा कॅलिपरने मोजतात: पारपटलाच्या कडेपासून नैसर्गिक भिंग असेल तर ४ मिमी, नसेल तर ३.५ मिमी. फार पुढे गेले तर भिंगाला इजा, फार मागे गेले तर दृष्टिपटलाला.

दृष्टिपटलावरून द्रव ओढायच्या नळीला सिलिकॉनचे मऊ टोक लावतात. दृष्टिपटलाखाली औषध सोडायची कॅन्युला ३८ ते ४१ गेजची, म्हणजे जवळपास केसाएवढी बारीक असते. वोरेटिजीन नेपारव्होवेक हे आनुवंशिक अंधत्वावरचे जनुकोपचाराचे औषध, ज्याला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली, याच वाटेने दृष्टिपटलाखाली ०.३ मिलिलिटर सोडले जाते.

धातू आणि निगा. नळ्या बहुधा स्टेनलेस स्टीलच्या असतात. चिमटे आणि सुईधारक टायटेनियमचेही करतात: तो पोलादाहून बराच हलका, गंजत नाही आणि चुंबकत्व धरत नाही. पोलादी टोकाला चुंबकत्व आले की इवलीशी सुई त्याला चिकटून राहते आणि नेमका टाका घेता येत नाही. पृष्ठभाग मंद ठेवतात, कारण सूक्ष्मदर्शकाचा प्रखर उजेड चकचकीत धातूवरून थेट शल्यकाच्या डोळ्यात येतो.

कॅन्युलाची खरी परीक्षा तिच्या पोकळीत असते. आत वाळलेला व्हिस्को किंवा उरलेला साबण पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात गेला, तर १२ ते ४८ तासांत पुढच्या भागात तीव्र दाह होऊ शकतो. त्याला टास म्हणतात. यात जंतू नसतात, म्हणून निर्जंतुकीकरणाने तो टळत नाही. मेलेल्या जीवाणूंची एंडोटॉक्सिने, म्हणजे त्यांच्या आवरणातली विषे, ऑटोक्लेव्ह या दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसलाही टिकतात. निर्जंतुक असणे आणि स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यामुळे शस्त्रक्रिया संपताच, काही वाळण्याआधी, प्रत्येक नळीतून सिरिंजने पाणी सोडतात, अखेरचे पाणी निर्जंतुक शुद्ध पाणीच वापरतात आणि मग हवा दाबून पोकळी कोरडी करतात. व्हिस्कोच्या नळ्या नीट धुणे फार अवघड असल्याने त्या शक्यतो एकदाच वापरून टाकतात. चिमट्यांची टोके रबरी टोपीत ठेवतात. एकदा टोक जमिनीवर आपटले, की सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही दात जुळतात का ते पाहिल्याखेरीज ते उपकरण पुन्हा ताटात ठेवत नाहीत.