आयन-युग्म (सेंद्रिय द्रावकांतील)

द्रावणात विरुद्ध प्रभाराचे दोन आयन एकमेकांना धरून एकाच कणासारखे वावरू लागले की त्या जोडीला आयन-युग्म म्हणतात. दोघांच्या विरुद्ध प्रभारांचे मान सारखे असेल तर जोडी उदासीन ठरते आणि वीज वाहून नेत नाही. ‘मीठ पाण्यात विरघळले की आयन सुटे होतात’ हे शाळेतले वाक्य इतके पक्के बसलेले असते की विरघळणे आणि सुटे होणे एकच, असे वाटू लागते. पाण्यात ते खपून जाते, टोल्यूइनसारख्या सेंद्रिय द्रावकात नाही.

ही कल्पना डॅनिश रसायनशास्त्रज्ञ नील्स ब्येरुम यांनी १९२६ मध्ये मांडली. दोन आयनांमधील आकर्षणाची ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले निरपेक्ष तापमान) दुप्पट होते, त्या अंतराच्या आत आलेले आयन त्यांनी युग्मात मोजले. एकेरी प्रभाराच्या आयनांसाठी २५° से.ला हे अंतर काढणे सोपे आहे : २८ला द्रावकाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने (द्रावक प्रभारांमधील ओढ किती पट कमी करतो, तो आकडा) भागायचे, उत्तर नॅनोमीटरमध्ये येते. पाण्यासाठी (७८) ते सुमारे ०.३६, टेट्राहायड्रोफ्युरान म्हणजे टीएचएफसाठी (७.५) ३.७, तर टोल्यूइनसाठी (२.४) जवळपास १२. म्हणजे पाण्यात आयन अगदी अंगाला अंग लागेपर्यंत मोकळे असतात, तर टोल्यूइनमध्ये कित्येक रेणूंच्या अंतरावरूनही ओढले जातात. ब्येरुम यांची सीमारेषा थोडी मनमानी आहे, पण अंदाजासाठी आजही तीच वापरली जाते.

युग्मे एकाच प्रकारची नसतात. दोन आयन थेट चिकटले तर संपर्क-युग्म, मध्ये द्रावकाचे रेणू राहिले तर द्रावक-विलग युग्म. होगन-एश आणि स्मिड यांनी १९६०च्या दशकात फ्लुओरेनिल सोडियमच्या टीएचएफमधील द्रावणात हे दोन प्रकार वर्णपटावरून वेगळे ओळखले : संपर्क-युग्माचे शोषण ३५६ नॅनोमीटरला, विलग युग्माचे ३७३ला. तापवल्यावर जोडी सैल होईल, हा साधा अंदाज इथे उलटा पडतो. विलग युग्मे वाढतात ती द्रावण गार केल्यावर, कारण सोडियमभोवती द्रावकाचे रेणू बसताना उष्णता बाहेर पडते. डायमिथॉक्सिइथेनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक टीएचएफइतकाच, तरी त्यात विलग युग्मांचे प्रमाण खूप जास्त असते. त्याच्या रेणूतले दोन ऑक्सिजन सोडियमला दोन्हीकडून धरतात. तेव्हा नुसता स्थिरांक पाहून निष्कर्ष काढू नये.

पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल, १९५०) असो की गणेशखिंडीच्या विद्यापीठात, टीएचएफ कोरडे करायला ज्याने सोडियम-बेंझोफिनोन वापरले आहे त्याने आयन-युग्म डोळ्यांनी पाहिलेले असते. फ्लास्कमधला तो गडद निळा रंग सोडियम किटाइलचा (सोडियमकडून एक इलेक्ट्रॉन घेतलेले बेंझोफिनोन आणि सोडियम आयन), आणि किटाइल हे युग्मच. पावसाळ्यात ओलावा शिरला की पाणी किटाइलला मारते आणि निळा रंग उतरतो.

युग्म उदासीन असले तरी द्विध्रुव असते. दोन युग्मे उलटसुलट तोंडे करून जवळ आली की चौघांचा पुंज बनतो. फुओस आणि क्राउस यांनी १९३३ मध्ये टेट्राआयसोअमिलअमोनियम नायट्रेटची वाहकता डायॉक्सेन-पाण्याच्या मिश्रणांत मोजली. डायॉक्सेन जास्त असताना क्षाराचे प्रमाण वाढवत नेले, तर मोलर वाहकता आधी घटली, तळाला पोचली आणि पुन्हा वाढली. या वाढीचे कारण त्यांनी तीन आयनांचे प्रभारित पुंज, म्हणजे त्रिक आयन, असे दिले. पण द्विध्रुवी युग्मांमुळे द्रावणाचाच डायइलेक्ट्रिक स्थिरांक वाढतो आणि काही युग्मे पुन्हा सुटतात, असे दुसरे स्पष्टीकरणही आहे. वाद पूर्ण मिटलेला नाही.

पुंजांचे रोजच्या वापरातले उदाहरण म्हणजे ब्युटिल लिथियम : हेक्झेनमध्ये सहा-सहांचे पुंज, टीएचएफमध्ये मुख्यतः चार-चारांचे.

आयन युग्मात आहे की सुटा, याचा सर्वांत ठळक परिणाम ऋणायनी बहुवारिकीकरणात (साखळीच्या टोकावरच्या ऋणायनाला एकेक रेणू जोडत बहुवारिक बनवण्यात) दिसतो. टीएचएफमध्ये २५° से.ला सुट्या पॉलिस्टायरिल ऋणायनाचा (वाढत्या पॉलिस्टायरीन साखळीचा) वेग-स्थिरांक सुमारे ६५,००० लिटर प्रति मोल प्रति सेकंद, तर सोडियमबरोबरच्या युग्माचा फक्त ८०च्या आसपास. सुटे आयन मूठभर असले तरी बरेचसे काम तेच उरकतात. एनसीएलमध्ये १९९०च्या दशकात मिथिल मेथाक्रिलेटच्या अशा बहुवारिकीकरणावर काम झाले. लिथियमला चिमट्यासारखे पकडणारे रेणू मिसळले तर साखळीची वाढ कशी बदलते, हा तिथला एक प्रश्न होता.