परळ मतदारसंघ कुठे गेला?

जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांची चर्चा सुरू झाली, की ‘राजकारण्यांनी परळ मतदारसंघ गिळला’ हे वाक्य हमखास कानावर येतं. हळहळ मला समजते. १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर तिथे पोटनिवडणूक झाली. वामनराव महाडिकांनी सरोजिनी देसाईंना १,६७९ मतांनी हरवलं आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. असं नाव २००८ च्या पुनर्रचनेत यादीतून गेलं, ते मात्र एका साध्या भागाकारामुळे. मोबाइलवर करून बघा.

१९७१ ची राज्याची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागिले २८८ जागा, म्हणजे एका आमदारामागे सुमारे १ लाख ७५ हजार माणसं. बृहन्मुंबईत ५९,७०,५७५ लोक होते, म्हणून ३४ जागा. शहर आणि उपनगरं जवळपास तुल्यबळ, त्यामुळे १७-१७.

मग घटनादुरुस्तीने हे वाटप गोठलं. नकाशा तसाच राहिला, माणसं हलत राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, चाळीतली पुढची पिढी उपनगरांत खोल्या शोधू लागली.

२००८ च्या पुनर्रचनेसाठी २००१ ची जनगणना धरली. तेव्हा राज्य ९,६८,७८,६२७ वर पोचलं होतं, एकूण जागा मात्र २८८ च. पुन्हा भागिले २८८ : ३,३६,३८४. मुंबई शहर जिल्ह्याचे ३३,३८,०३१ लोक या संख्येने भागले की ९.९२ येतात, म्हणजे १० जागा. उपनगर जिल्ह्याचे ८६,४०,४१९ भागले की २५.६९, म्हणजे २६. गंमत अशी की तीस वर्षांत शहराची लोकसंख्या घटली नव्हती, जेमतेम ९ टक्क्यांनी वाढली होती. तेवढ्यात राज्य जवळपास दुप्पट झालं, भाजक फुगला आणि शहराच्या सात जागा गेल्या. त्यांत परळही.

म्हणून ‘अमक्या जागेला शाप आहे’ किंवा ‘तमका कायमचा बालेकिल्ला’ असलं बोलणं मला पटत नाही. किल्ल्याची तटबंदीच दर पुनर्रचनेत सरकते.

लालबाग-परळचा बराच भाग आता शिवडीत मोडतो. २००९ ला तिथून मनसेचे बाळा नांदगावकर निवडून आले. हा निकाल परळच्या २००४ च्या निकालाशी ताडायचा, तर आधी मतदान केंद्रांच्या याद्या समोर घेऊन कुठली चाळ कुठल्या बाजूला गेली हे लावावं लागतं.