काउंटर की स्टॅक? एक्सएमएलमधले एकात एक टॅग वाचताना नेमका फरक काय

एक्सएमएल (टॅगमध्ये माहिती मांडायची पद्धत) फाईल वाचताना डेप्थचा, म्हणजे किती खोल आहोत त्याचा काउंटर ठेवला की झालं, स्टॅक (एकावर एक रचलेली टॅगची चळत, वर टाकायचं अन् वरूनच काढायचं) कशाला पाहिजे भो, असं आपल्या जळगाव-धुळ्याकडे प्रोजेक्ट करणारी पोरं नेहमी विचारतात. प्रश्न रास्तच आहे, कारण दोन्ही वागतात सारखेच, टॅग उघडला की वाढतात अन् बंद झाला की कमी होतात. पण काउंटर फक्त किती आत आहात ते सांगतो, कोणाच्या आत आहात ते फक्त स्टॅकला माहीत असतं.

ही फाईल बघा (टॅगची नावं देवनागरीत चालतात बरं, एक्सएमएलला काही अडचण नाही):

<जिल्हा>
  <नाव>जळगाव</नाव>
  <तालुका>
    <नाव>रावेर</नाव>
    <गाव><नाव>खिरोदा</नाव></गाव>
    <पीक>केळी</पीक>
  </तालुका>
  <नदी><नाव>तापी</नाव></नदी>
</जिल्हा>

सॅक्स पार्सर (अख्खी फाईल मेमरीत न घेता वाचणारा प्रोग्रॅम) ही फाईल वरून खाली वाचत जातो आणि तुम्हाला मुख्य तीन गोष्टी कळवतो, टॅग सुरू झाला, मजकूर आला, टॅग संपला. वडील कोण, म्हणजे हा टॅग कोणत्या टॅगच्या आत आहे, ते तो सांगत नाही. आता काउंटर लावा. रावेरचं नाव येतं तेव्हा काउंटर ३, आणि तापीचं नाव येतं तेव्हा पण ३, टॅग पण तोच, म्हणजे तुमच्या तालुक्यांच्या यादीत तापी जाऊन बसली आणि प्रोग्रॅमने एरर पण दिली नाही. स्टॅकमध्ये मात्र पहिल्या वेळी जिल्हा, तालुका, नाव असतं आणि दुसऱ्या वेळी जिल्हा, नदी, नाव, त्यामुळे गोंधळ होतच नाही.

काही जण काउंटरऐवजी 'सध्याचा टॅग' असं एकच व्हेरिएबल ठेवतात, ते तर अजून कच्चं. खिरोद्याचा गाव टॅग बंद झाला, पुढे केळी आली, आता ही केळी कोणाची? व्हेरिएबलमधला तालुका तर त्याच्या आतला पहिला नाव टॅग उघडल्याबरोबर पुसला गेला. स्टॅकवरून गाव पॉप केलं, म्हणजे वरून काढलं, की खाली तालुका तसाच बसलेला असतो, केळी त्याच्या खात्यावर टाकायची.

म्हणून काउंटर टाकाऊ आहे असं नाही. इंडेंट करून छापायचं असेल किंवा नको असलेला अख्खा टॅग आतल्या पोटटॅगांसकट गाळायचा असेल, तर काउंटरच बरा, सुरू झाला की एक वाढवा, संपला की एक कमी करा, शून्य आला की परत वाचायला लागा. <गाव/> सारखा एकट्याने बंद होणारा टॅग पण सुरू आणि संपला दोन्ही कळवतो, त्यामुळे हिशोब चुकत नाही. फक्त पार्सर स्वतः लिहीत असाल तर काउंटरवर टॅगची जुळणी तपासू नका, <गाव><नदी></गाव></नदी> त्याला बिनचूक वाटेल, कारण दोन उघडले, दोन बंद झाले. पायथॉनमधला एक्सपॅटसारखा तयार पार्सर ही चूक स्वतःच पकडतो, तिथे जुळणीसाठी वेगळा स्टॅक ठेवायची गरज नाही, वडील लक्षात ठेवायलाच ठेवा.

स्टॅकवर नुसतं टॅगचं नाव ढकलू नका, त्याच्यासोबत त्या टॅगचा मजकूर साठवायची जागा पण द्या. कारण पार्सर मजकूर तुकड्यात देऊ शकतो, 'खिरोदा' एकदम येईल असं धरून चालू नका, आधी 'खिरो' येईल मग 'दा', तर जो तुकडा येईल तो सगळ्यात वरच्याच्या मजकुराला जोडत जा आणि टॅग संपल्यावरच वापरा.

मेमरीची भीती पण नको. स्टॅकची उंची फाईलच्या साईजवर नाही, टॅग किती खोल गेलेत त्यावर असते. वरच्या फाईलीत हजारो गावं टाकली तरी स्टॅक चारच्या वर जात नाही. पण पॉप केलेलं प्रत्येक गाव तालुक्याला लटकवत बसलात तर अख्खं झाड मेमरीत उभं राहील, मग सॅक्स वापरून फायदा काय. मोठी फाईल असेल तर गाव पॉप झालं की लगेच डेटाबेसात टाका आणि सोडून द्या, तालुक्याचं नाव पाहिजे असेल तर ते स्टॅकवर खाली आहेच.