मृत्युपत्राची नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि नेमके कुठे अडते

महाराष्ट्रात मृत्युपत्र नोंदवण्याची सक्ती नाही. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १८ नुसार ती ऐच्छिक आहे. साध्या कागदावर हाताने लिहून दोन साक्षीदारांपुढे सही केलेले मृत्युपत्रही कायद्याला पूर्ण चालते. त्यावर मुद्रांक शुल्क नाही; पाचशेच्या स्टॅम्पवर ते टाइप करून देणारे जागोजागी बसलेले असतात, पण त्या स्टॅम्पने दस्ताला काडीचेही बळ येत नाही. मृत्युपत्र टिकते ते साक्षीदारांच्या जोरावर. नोंदणीचा उपयोग वेगळा आहे: दस्त गहाळ होत नाही, पान बदलता येत नाही आणि सही खरी की खोटी हा वाद बराच कमी होतो.

कोणाला करता येते आणि कशाचे

वय १८ पूर्ण आणि आपण काय करतो आहोत याची समज असलेली कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. अंध किंवा मूकबधिर असणे आड येत नाही. अडते ते मालमत्तेवर. स्वकष्टार्जित मिळकत हवी त्याला देता येते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा (हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम ३०). अख्खी वडिलोपार्जित शेती मुलांच्या नावे लिहिली आणि मुलींना वगळले, तर ते लिखाण वडिलांच्या हिश्शापुरतेच लागू पडते, कारण मुलीही जन्माने सहहिस्सेदार आहेत. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय, कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा जाता, एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात तर सगळा हिशेबच निराळा: तिथल्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलांसाठी निम्मा वाटा राखीव असतो. महाराष्ट्रातला मसुदा उचलून म्हापशाच्या घरासाठी वापरू नये.

मजकूर

‘माझे पुण्याचे घर धाकट्याला’ एवढ्याने भागत नाही. सदनिकेचा क्रमांक, सोसायटीचे नाव, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, शेतीचा गट नंबर व क्षेत्र, बँकेची शाखा, डिमॅट खाते असे सगळे लिहावे. शेवटी एक कलम हवेच: याखेरीज जे काही माझ्या नावे आहे किंवा पुढे येईल ते अमक्याला. हे राहिले तर मृत्युपत्रानंतर घेतलेली एफडी वारसाहक्काच्या वाटणीत जाते. ज्याला द्यायचे तो आपल्या आधी गेला तर कोणाला, हेही लिहावे. अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेमावा आणि आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे वाक्य घालावे. एखाद्या मुलाला वगळले असेल तर एका ओळीत कारण द्यावे. कायदा ते मागत नाही, पण ‘बाबांना काही कळतच नव्हते’ या आरोपाला ती ओळ चांगले उत्तर असते.

सही आणि साक्षीदार

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६३. किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्याच्यासमोर स्वतः सही करावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही, तरी तसेच करावे. आतला मजकूर त्यांना दाखवायची गरज नसते.

पुढे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायचे झाले तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला उभे राहावे लागते. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा लहान, सहज सापडणारे आणि शक्यतो स्थानिक असावेत. पंच्याहत्तरीतल्या आजोबांनी आपल्याच वयाचे दोन मित्र घेतले, तर वीस वर्षांनी साक्ष देणार कोण? ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये. ख्रिश्चन व पारशी मृत्युपत्रात त्याने ती देणगीच रद्द होते (कलम ६७). हिंदूंना हे कलम लागू नाही, पण संशयाला जागा राहतेच.

वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. ते डॉक्टरच एक साक्षीदार झाले तर उत्तम.

रजिस्टर ऑफिसात

नोंदणी महानिरीक्षकांच्या संकेतस्थळावर आधी दस्ताची माहिती भरायची, फी ऑनलाइन भरायची आणि वेळ घ्यायची. नोंदणी फी नाममात्र असते. दस्त हाताळणी शुल्क पानागणिक वेगळे. सोबत मूळ मृत्युपत्र, करणाऱ्याचे आधार व पॅन, दोन साक्षीदार स्वतः आणि त्यांची ओळखपत्रे. तिथे फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. आधारवरचे नाव, मृत्युपत्रातले नाव आणि सातबारावरचे नाव यांत फरक असेल तर मसुद्यातच ‘उर्फ’ घालून घ्यावे. मालकीचे कागद दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारा अधिकारी) तपासत नाहीत, म्हणजे नोंदणी झाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी नोंदणी कायद्याच्या कलम ३१ नुसार अधिकारी घरी येतात. त्याचा अर्ज व शुल्क वेगळे. इतर दस्तांना असलेली चार महिन्यांची मुदत मृत्युपत्राला नाही. मृत्यूनंतरही व्यवस्थापक किंवा लाभार्थी ते नोंदणीसाठी सादर करू शकतो. करणारा हयात असेपर्यंत नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल इतर कोणालाही मिळत नाही. मजकूर कार्यालयातही कळू नये असे वाटत असेल तर मृत्युपत्र बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते.

बदल करायचा तर मूळ कागदावर खाडाखोड नको. छोट्या बदलाला पुरवणी मृत्युपत्र पुरते, तेही दोन साक्षीदारांसह. मोठा असेल तर नवे करावे. नंतरचे, नीट साक्षांकित केलेले साधे मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला मागे टाकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

ट्रस्ट कधी

घरात दिव्यांग मूल किंवा लहान नातवंडे असतील तर पैसा थेट त्यांच्या नावे करण्यापेक्षा ट्रस्ट बरा. तो मृत्युपत्रातूनच निर्माण करता येतो: विश्वस्त कोण, त्यांच्या पश्चात कोण, खर्च कशावर आणि शेवटी उरलेले कोणाला. हयातीतच घर ट्रस्टमध्ये टाकायचे तर भारतीय न्यास कायदा १८८२ नुसार लेखी व नोंदणीकृत दस्त लागतो आणि मुद्रांक शुल्कही भरावे लागते. कुटुंबापुरत्या खाजगी ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागत नाही.

मृत्यूनंतर

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; त्याने मालमत्ता वारसांसाठी सांभाळायची असते. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. तरी नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी एकच ठेवला तर धावपळ वाचते.

शेतीसाठी मृत्युदाखला व मृत्युपत्राच्या प्रतीसह तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफाराचा, म्हणजे सातबारावरचे नाव बदलण्याचा, अर्ज करायचा. नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. हरकत आली तर प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणीला जाते, आणि तिथे सर्वांत आधी विचारले जातात ते साक्षीदार.